चार्ल्स व्हिटमनच्या मेंदूतली गाठ : मानवी आक्रमकतेच्या जैविक मुळांचा एक प्रकरण अभ्यास

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात आक्रमकतेची जैविक कारणं शिकवायची वेळ आली की चार्ल्स व्हिटमनचं नाव हमखास येतं. त्याची गोष्ट बहुतेक वेळा तीन वाक्यांत उरकलेली असते : एका हुशार, सरळमार्गी तरुणाने अचानक माणसं मारली, शवविच्छेदनात त्याच्या मेंदूत गाठ सापडली, ती गाठ अमिग्डालावर, म्हणजे भीती आणि रागाशी जोडलेल्या मेंदूतल्या एका छोट्या खोल भागावर, दाबत होती. विद्यार्थी ही तीन वाक्यं पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात, आणि मेंदूत बिघाड झाला की माणूस हिंसक होतो असं समीकरण कायमचं डोक्यात बसतं. या तीन वाक्यांतलं पहिलं चुकीचं आहे, दुसरं खरं आहे आणि तिसरं कधीच सिद्ध झालेलं नाही. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहायला हवं. मेंदू आणि संप्रेरकं (हार्मोन) माणसाच्या हिंसेत कुठपर्यंत हात घालतात आणि कुठे थांबतात, हे इतक्या तपशिलात दाखवणारी उदाहरणं थोडी आहेत.

घडलं ते असं

अमेरिकेतल्या टेक्सस राज्याची राजधानी ऑस्टिन. ३१ जुलै १९६६ च्या संध्याकाळी पावणेसातला २५ वर्षांचा व्हिटमन घरी टाइपरायटरसमोर बसला. आपण हे पत्र का लिहितोय तेच आपल्याला नीट कळत नाही, अशी त्या पत्राची सुरुवात आहे. लोक आपल्याला चारचौघांसारखा समंजस, बुद्धिमान तरुण मानतात. पण अलीकडे, नेमकं कधीपासून ते आठवत नाही, विचित्र आणि अतार्किक विचार डोक्यात येतात, पुन्हा पुन्हा येतात, आणि कामावर लक्ष ठेवायला मनाला अतोनात कष्ट पडतात, असं तो लिहितो. डोकं भयंकर दुखायचं, तीन महिन्यांत एक्सेड्रिन या वेदनाशामक गोळ्यांच्या दोन मोठ्या बाटल्या संपवल्या, हेही त्यात आहे. आपल्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करून शरीरात डोळ्यांना दिसेल असा काही बिघाड आहे का ते तपासावं, अशी विनंती त्याने केली. देणी फेडून विम्याचे पैसे उरले तर ते मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत, संशोधनातून असे प्रसंग कदाचित टळतील, असंही लिहून ठेवलं.

त्याच पत्रात आणखी एक मजकूर आहे. बराच विचार करून, आज रात्री कामावरून घरी आणल्यावर पत्नी कॅथीला मारायचं ठरवलं आहे; तिच्यावर आपलं मनापासून प्रेम आहे, तिच्याइतकी चांगली बायको कुणाला मिळणार नाही, आणि हे करण्यामागचं एकही नेमकं कारण आपल्याला सांगता येत नाही.

पत्र चालू असताना एक मित्र जोडपं भेटायला आलं. तो त्यांच्याशी शांतपणे गप्पा मारत बसला. मध्यरात्रीनंतर त्याने शहरातच राहणाऱ्या आईला मारलं आणि मग घरी येऊन झोपेत असलेल्या कॅथीला. सकाळी सामान वाहायची ढकलगाडी भाड्याने आणली, दुकानांतून बंदुका आणि काडतुसं विकत घेतली. सैन्यातली जुनी पेटी भरली. तिच्यात शस्त्रांबरोबर डबाबंद अन्न, पाणी, दुर्बीण, रेडिओ आणि घाम रोखणारा डिओडरंटसुद्धा होता. टेक्सस विद्यापीठाचा ३०७ फुटी मनोरा चढून तो अठ्ठाविसाव्या मजल्यावरच्या सज्जात पोहोचला. ११ वाजून ४८ मिनिटांनी त्याने खाली गोळ्या झाडायला सुरुवात केली. १ वाजून २४ मिनिटांनी रामिरो मार्टिनेझ आणि ह्यूस्टन मॅकॉय या दोन पोलिसांनी सज्जात शिरून त्याला ठार केलं.

या ९६ मिनिटांच्या आगेमागे मनोऱ्याच्या आत तिघं आणि बाहेर दहा जण बळी पडले. एका गरोदर विद्यार्थिनीच्या पोटातलं बाळ गेलं, ती स्वतः वाचली. आई आणि पत्नी धरून सोळा जीव. जखमी तीसहून अधिक. त्यांतला एक जण त्या दिवशी मूत्रपिंडाला झालेल्या इजेपायी २००१ मध्ये वारला आणि त्या मृत्यूची नोंदही हत्या म्हणूनच झाली. जैविक कारणांची चर्चा करताना ही माणसं मागे पडतात. ती मागे पडू नयेत म्हणून हा हिशेब आधी मांडला.

‘सरळमार्गी’ तरुणाची आधीची पंचवीस वर्षं

व्हिटमन १९४१ मध्ये फ्लोरिडातल्या लेक वर्थला जन्मला. वडील प्लंबिंगचे यशस्वी कंत्राटदार. घरात पैसा होता, शिस्त होती आणि मार होता. वडील बायकोला मारत आणि मुलांनाही. घरात बंदुका भरपूर, आणि मुलं लहानपणापासून त्या चालवायला शिकली. चार्ल्स पियानो वाजवायचा, शाळेत हुशार होता, बाराव्या वर्षी ईगल स्काउट, म्हणजे अमेरिकी बालवीरांतला सर्वोच्च दर्जाचा स्काउट, झाला. वयाच्या अठराव्या वर्षी तो पिऊन घरी आला तेव्हा वडिलांनी त्याला बडवून काढलं आणि घरच्या पोहण्याच्या तलावात ढकललं. त्यानंतर लवकरच तो नौसैनिकांच्या मरीन दलात भरती झाला. नेमबाजीत त्याला २५० पैकी २१५ गुण होते. मनोऱ्यावरून त्याचा नेम कसा लागला हे समजून घ्यायला मेंदूच्या गाठीची गरज पडत नाही.

मरीनच्या शिष्यवृत्तीवर तो १९६१ मध्ये ऑस्टिनला अभियांत्रिकी शिकायला आला. पुढच्या वर्षी कॅथीशी लग्न झालं. गुण घसरले, शिष्यवृत्ती गेली, परत छावणीत जावं लागलं. तिथे नोव्हेंबर १९६३ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला झाला : जुगार, सहकाऱ्यांना व्याजाने पैसे देणं, खासगी पिस्तूल बाळगणं आणि ३० डॉलरच्या उसनवारीवर १५ डॉलर व्याज मागत दुसऱ्या सैनिकाला धमकावणं. त्याला कैद, सक्तमजुरी आणि पदावनती झाली. पत्नीवर हात उचलल्याची कबुली त्याने स्वतःच पुढे डॉक्टरांपुढे दिली. आपण वडिलांसारखे होऊ ही भीती त्याला होती. रागावर ताबा ठेव, भांडखोर होऊ नकोस, शिव्या देऊ नकोस, अशा सूचना तो स्वतःसाठी लिहून ठेवायचा.

हे सगळं माहीत झाल्यावर ‘अचानक’ हा शब्द टिकत नाही. त्याची आक्रमकता जुनी होती आणि तो तिच्याशी झगडत होता.

१९६६ च्या वसंतात आई वडिलांना सोडून ऑस्टिनला आली. तिला आणायला चार्ल्सच गेला होता. आईला परत पाठव म्हणून वडिलांचे सतत फोन येऊ लागले. अभ्यासाचा बोजा मोठा होता, वर नोकऱ्याही चालू होत्या. जागून अभ्यास करण्यासाठी तो डेक्सेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या घ्यायचा. २९ मार्च १९६६ ला तो विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात डॉ. मॉरिस हीटली या मानसोपचारतज्ञांना भेटला. या धिप्पाड तरुणाच्या अंगातून वैरभाव नुसता पाझरत होता, अशी त्यांची नोंद आहे. हरणाच्या शिकारीची रायफल घेऊन मनोऱ्यावर जावं आणि लोकांवर गोळ्या झाडाव्यात असा विचार येतो, हे तो त्या भेटीत बोलला आणि तेही नोंदलं गेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ये, असं सांगितलं. तो गेला नाही. मधे चार महिने गेले.

गाठ

शवविच्छेदन दुसऱ्या दिवशी झालं, डॉ. कोलमन डी शेनार यांनी ते केलं. तोवर देह टिकवण्यासाठी रसायनं भरून झाली होती. मेंदूत, थॅलॅमस या मध्यभागातल्या केंद्राच्या खालच्या पांढऱ्या भागात, त्यांना एक गाठ मिळाली. आकार पेकनएवढा, पेकन म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं, त्याहून लहान फळ. डी शेनार यांच्या मते ती अ‍ॅस्ट्रोसायटोमा जातीची (मेंदूच्या आधारपेशींपासून वाढणारी) होती आणि तिचा डोकेदुखीशी किंवा कृत्यांशी संबंध नव्हता.

गव्हर्नर जॉन कॉनली यांनी मग तज्ञांचा आयोग नेमला. न्यूरोसर्जन, विकृतीशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ञ असे लोक त्यात होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना ती ग्लायोब्लास्टोमा मल्टिफॉर्म दिसली. मेंदूच्या कर्करोगांत ही सर्वांत घातक जात. गाठीत मृत पेशींचे पट्टे होते आणि रक्तवाहिन्यांची जन्मजात वाटावी अशी एक छोटी विकृतीही होती. सप्टेंबरात आलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा : गाठ आणि शेवटच्या दिवशीची कृत्यं यांचा संबंध स्पष्टपणे प्रस्थापित करता येत नाही, मात्र भावना आणि कृती आवरण्याच्या त्याच्या असमर्थतेला या अत्यंत घातक गाठीने हातभार लावला असणं शक्य आहे.

हा निष्कर्ष मला या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक मजकूर वाटतो. गाठ अमिग्डालावर दाबत होती हे पुढच्या लेखकांचं अनुमान आहे. त्या भागात अमिग्डाला जवळ आहे, म्हणून अनुमान वेडगळ नाही. पण सिद्ध झालेली गोष्ट म्हणून ते पुस्तकांतून फिरतं, तिथे माझा आक्षेप आहे. शिवाय दाब पडला असं मानलं तरी पुढचा प्रश्न उरतोच : दाबाने तो भाग चेतवला गेला की बधिर झाला? प्राण्यांवरच्या प्रयोगांत या दोन गोष्टींचे परिणाम अगदी उलट निघतात.

रागाचे मेंदूतले रस्ते

१९२८ मध्ये फिलिप बार्ड यांनी मांजरांच्या मेंदूचा वरचा, विचारी थर काढून टाकला. मांजरं कशावरही, अगदी शेपटीला हात लागला तरी, फिस्कारू लागली. हायपोथॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या केंद्राचा, मागचा भागही काढल्यावर तो राग थांबला. म्हणजे रागाची यंत्रणा खोल मेंदूत असते आणि वरचा थर एरवी ती आवरून धरतो. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी उलट वाट धरली : जागं, हिंडतं-फिरतं मांजर घेऊन हायपोथॅलॅमसमध्ये बारीक तारेने वीज दिली की ते केस पिंजारून हल्ल्याला तयार व्हायचं. हेस यांना १९४९ चं नोबेल मिळालं.

अमिग्डालाबद्दलचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. १९६१ मध्ये डाउनर यांनी माकडाच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारे दुवे कापले आणि एकाच बाजूचा अमिग्डाला काढला. आता उजव्या डोळ्याने दिसलेलं फक्त उजव्या मेंदूत आणि डाव्याने दिसलेलं फक्त डाव्या मेंदूत पोहोचत होतं. अमिग्डाला नसलेल्या बाजूच्या डोळ्याने माणूस दिसला की ते माकड निवांत बसायचं. तो डोळा झाकून दुसरा उघडला की तेच माकड तोच माणूस पाहून अंगावर धावून यायचं. समोरच्या दृश्याला धोका म्हणून रंग देण्याचं काम अमिग्डाला करतो, याचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो. आणि इथे अमिग्डाला गेल्यावर माकड शांत झालं. व्हिटमनच्या गाठीने अमिग्डाला निकामी केला असता तर तो या तर्काने थंड व्हायला हवा होता.

अलीकडे हे चित्र आणखी बारीक झालं आहे. २०११ मध्ये दायू लिन आणि डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने उंदराच्या हायपोथॅलॅमसच्या एका छोट्या भागातल्या पेशी चेतवल्या. नर उंदीर एरवी ज्यांच्यावर हल्ला करत नाही त्या मादीवर आणि हवा भरलेल्या हातमोज्यावरही तुटून पडला. चेतना थांबली की हल्लाही थांबत असे.

हातमोज्यावर तुटून पडणारा उंदीर पाहिला की वाटतं, हाच तो व्हिटमन. पण त्याने आदल्या संध्याकाळी पत्र टाइप केलं होतं, पेटीत डिओडरंट भरला होता. इथे प्राण्यांच्या अभ्यासातला एक जुना भेद कामाला येतो, आणि तीन वाक्यांच्या गोष्टीत तो कधीच येत नाही. येल विद्यापीठात वॉसमन आणि फ्लिन यांनी १९६२ मध्ये दाखवलं की मांजराच्या हायपोथॅलॅमसचा मधला भाग चेतवला तर ते फिस्कारतं, केस पिंजारतं, पंजा मारतं. बाजूचा भाग चेतवला तर ते गुपचूप उंदराचा माग काढतं आणि मानेचा चावा घेतं. पहिल्यात संताप आहे, दुसऱ्यात नाही. माणसाच्या बाबतीत ही विभागणी इतकी काटेकोर नसते, तरी फरक खरा आहे. रस्त्यावर गाडी घासली म्हणून उतरून कॉलर धरणारा आणि महिनाभर पाळत ठेवून वार करणारा, यांचं शरीर त्या क्षणी वेगवेगळ्या अवस्थेत असतं. पहिल्याच्या छातीत धडधड असते, हात थरथरत असतात. दुसरा पुष्कळदा थंड असतो.

व्हिटमनचं कृत्य दुसऱ्या जातीचं. मनोऱ्याचा विचार निदान चार महिने जुना, तयारी पद्धतशीर, आदल्या रात्री मित्रांशी बोलणं शांत. आवर सुटला म्हणून भडका उडाला, ही चौकट त्याला नीट बसत नाही. कॅथीला मारलेले फटके, छावणीतली धमकी, आपल्या रागाबद्दलच्या सूचना, हे सगळं मात्र त्या चौकटीत चपखल बसतं. एकाच माणसात आक्रमकतेच्या दोन्ही जाती होत्या. गाठीने काही केलं असेल तर पहिलीला बळ दिलं असेल, आणि आधीपासून मनात घोळणाऱ्या दुसरीला अडवणारं जे काही होतं ते ढिलं केलं असेल.

काळाचा हिशेबही महत्त्वाचा आहे. ग्लायोब्लास्टोमा झपाट्याने वाढतो. बहुतेक रुग्णांत लक्षणं दिसू लागल्यापासून निदानापर्यंत काही आठवडे किंवा महिनेच जातात. व्हिटमनवरचा लष्करी खटला घटनेच्या पावणेतीन वर्षं आधीचा. तेव्हाच्या वागण्याचं खापर या गाठीवर फोडणं कठीण आहे. १९६६ च्या उन्हाळ्यातली डोकेदुखी, विचारांवरचा ताबा सुटल्याची भावना, एकाग्र होण्याचे कष्ट, या तक्रारी मात्र वाढत्या गाठीशी जुळतात.

संप्रेरकांचा वाटा

व्हिटमनची संप्रेरकं कुणी मोजली नव्हती. तरी या प्रकरणाची चर्चा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर येतेच : तरुण पुरुष, सैनिक, बंदूक.

नर आणि आक्रमकता यांचं नातं आपल्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. खोंड बडवला, म्हणजे खच्ची केला, की तो जुवाखाली येतो, हे गावात कुणालाही विचारा. प्रयोगाच्या स्वरूपात ते १८४९ मध्ये ग्योटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी मांडलं : वृषणं काढलेले कोंबडे आरवायचे, झुंजायचे थांबले, वृषण पोटात पुन्हा रोवल्यावर झुंजू लागले. बर्थोल्ड यांना एवढंच कळलं की रक्तातून काहीतरी जातं.

पण यावरून रक्तात टेस्टोस्टेरॉन जितकं जास्त तितका माणूस मारकुटा, असा निष्कर्ष काढता येत नाही. सामान्य पुरुषांत रोजच्या टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि आक्रमकता यांचा संबंध मोजला तर तो फारच क्षीण निघतो. उलट परिस्थितीच संप्रेरक हलवते. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा ब्राझील-इटली अंतिम सामना दूरदर्शनवर पाहणाऱ्या चाहत्यांची लाळ तपासली तेव्हा जिंकलेल्या ब्राझीलच्या चाहत्यांत टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आणि इटलीच्या चाहत्यांत घसरलेलं आढळलं. त्यांनी चेंडूला पायही लावला नव्हता. हे संप्रेरक हिंसेपेक्षा प्रतिष्ठेच्या झगड्याशी जास्त जोडलेलं आहे. जिथे मान मारहाणीने मिळतो तिथे ते मारहाणीकडे ढकलेल, जिथे दिलदारपणाने मिळतो तिथे दुसरीकडे. २०१० मध्ये झुरिकला स्त्रियांना टेस्टोस्टेरॉनचा एक डोस देऊन पैशांच्या वाटणीचा खेळ खेळवला, तेव्हा त्यांनी जास्त न्याय्य वाटणी केली. आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालं असा ज्यांचा समज होता, मग मिळालेलं असो वा नसो, त्या मात्र जास्त स्वार्थी वागल्या.

व्हिटमनच्या बाबतीत मला टेस्टोस्टेरॉनपेक्षा ताणाची रसायनं आणि अ‍ॅम्फेटामिन जास्त महत्त्वाची वाटतात. आईवडिलांचं मोडलेलं घर, फोनवरची दादागिरी, अभ्यास, नोकऱ्या आणि जागरणं. एका रात्रीची झोप पूर्ण बुडाली तरी अप्रिय चित्रं पाहताना अमिग्डाला जास्त पेटतो आणि त्याला आवरणाऱ्या कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाशी त्याचा धागा सैल पडतो, असं मेंदूच्या छायाचित्रणात दिसलं आहे. अ‍ॅम्फेटामिन झोप पळवतं आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व डोपामिन या मेंदूला चेतवणाऱ्या रसायनांचा पूर आणतं. धोक्याची जाणीव टोकदार होते, संशय वाढतो. शेवटच्या दिवशी त्याच्या रक्तात काय होतं यावर मी बोलणार नाही. पण आधीचे कित्येक महिने त्याचा मेंदू कशात भिजत होता ते पुरेसं स्पष्ट आहे.

सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाबद्दलही एक गोष्ट इथे लागू पडते. १९८० च्या दशकात फिनलंडमध्ये मार्कू लिनोइला यांनी हिंसक गुन्हेगारांच्या मेरुद्रवात (मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवात) सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारं द्रव्य मोजलं. ज्यांनी आवेगात हल्ला केला होता त्यांच्यात ते कमी होतं. ज्यांनी ठरवून केला त्यांच्यात तसं नव्हतं. मांजरांत दिसलेला भेद इथे माणसाच्या रसायनात पुन्हा दिसतो.

मार खाल्लेलं बालपण

ज्या लोकांना जैविक कारण म्हटलं की फक्त जन्मजात कारण आठवतं, त्यांच्यासाठी न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरातला अभ्यास महत्त्वाचा आहे. तिथे जन्मलेल्या मुलांचा दशकानुदशकं पाठपुरावा झाला. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मोडणाऱ्या एमएओए या विकराचं (एन्झाइमचं) जनुक काहींत मंद असतं. २००२ मध्ये कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मंद जनुक आणि लहानपणी झालेला छळ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा मुलगे मोठेपणी जास्त हिंसक निघाले. असे मुलगे एकूण मुलग्यांच्या १२ टक्के होते आणि हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या वाट्याला होत्या. मंद जनुक असूनही ज्यांचं बालपण बरं गेलं त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. नंतरच्या अभ्यासांत या संबंधाची ताकद कमी-जास्त निघाली, पण दिशा बहुतेक तीच राहिली.

व्हिटमनचं जनुक कोणतं होतं ते तपासलं गेलं नाही. घरातला मार मात्र नोंदलेला आहे. सततचा मार मुलाच्या ताणयंत्रणेत, अमिग्डालाच्या संवेदनशीलतेत, प्रीफ्रंटल भागाच्या वाढीत उतरतो. वडिलांचा पट्टा हेही जैविक कारण आहे; तो त्वचेमार्गे आत जातो एवढंच. गाठीवर पानंच्या पानं लिहिणारे या मुद्द्यावर एका ओळीत उरकतात, याचं मला वाईट वाटतं. गाठ टाळणं कुणाच्या हाती नव्हतं, मार टाळता आला असता.

गाठीच्या गोष्टीचं पुढे काय झालं

सोपी गोष्ट पसरली की तिच्यावर उपायही सोपे सुचतात. हिंसा अमिग्डालात असेल तर अमिग्डाला जाळून टाकावा. जपानमध्ये हिरोतारो नाराबायाशी यांनी तशा शस्त्रक्रिया १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केल्या होत्या. बोस्टनमध्ये व्हर्नन मार्क आणि फ्रँक अर्विन यांनी हिंसक रुग्णांसाठी अशा शस्त्रक्रियांचा पुरस्कार केला. आपल्याकडे तेव्हाच्या मद्रासमध्ये व्ही. बालसुब्रमण्यम आणि बी. राममूर्ती यांच्या गटाने अतिचंचल, आक्रमक रुग्णांवर अमिग्डाला आणि हायपोथॅलॅमसच्या शेकडो शस्त्रक्रिया केल्या, त्यांत मुलंही होती. अनेकांना अपस्मार किंवा मेंदूज्वरानंतरचे दोष होते, कुटुंबं टेकीला आली होती, आणि काही रुग्ण शांत झाले असं त्या डॉक्टरांनी नोंदवलंही आहे. पण शांत झालेल्या मुलाचं आणखी काय गेलं, आणि त्याला विचारलं कुणी, हे प्रश्न पुढे जगभर उठले. आज भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९६ नुसार रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी असल्याशिवाय अशी शस्त्रक्रिया करता येत नाही. हे बंधन योग्य आहे.

विज्ञानही एका ठिकाणावरून जाळ्याकडे सरकलं आहे. २०१८ मध्ये बोस्टनच्या रायन डार्बी आणि मायकेल फॉक्स यांच्या गटाने अशा १७ रुग्णांचे मेंदू तपासले ज्यांच्यात मेंदूची इजा झाल्यावर गुन्हेगारी वर्तन सुरू झालं होतं. इजा निरनिराळ्या जागी होत्या. सगळ्यांत समान असा एकही भाग निघाला नाही. पण त्या सगळ्या जागा नैतिक निर्णय घेणाऱ्या, गोष्टींचं मूल्य जोखणाऱ्या आणि दुसऱ्याचं मन ओळखणाऱ्या एकाच जाळ्याशी जोडलेल्या होत्या. याच संशोधकांनी बजावलं आहे की त्या जाळ्यात इजा झालेले बहुतेक लोक गुन्हे करत नाहीत. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना भेटलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. ते चिडचिडे होतात, विसरतात, रडतात, आणि बहुतेक जण कुणालाही इजा न करता जातात.

तो जिवंत पकडला गेला असता तर? मन ठिकाणावर नसताना केलेल्या कृत्याला सूट देणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा निकष लावला तर बचाव टिकला नसता असं मला वाटतं. आपण काय करतोय आणि ते चूक आहे हे त्याला कळत होतं. पत्रातच त्याचा पुरावा आहे. शिक्षा ठरवताना गाठीचा विचार व्हावा का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर हो असं आहे.

२९ मार्चची ती भेट आज झाली तर तिचं स्वरूप वेगळं असायला हवं. नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी आणि त्याबरोबर स्वभाव पालटल्याची तक्रार आली तर एमआरआय. कोणत्या गोळ्या, किती, कुणी लिहून दिल्या, झोप किती तास, याची नीट विचारपूस. घरात शस्त्र आहे का हा थेट प्रश्न, आणि असेल तर ते घराबाहेर काढण्याची व्यवस्था. जागा आणि हत्यार यांच्यासकट मारण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्याला आठवड्याने ये म्हणून एकटं सोडू नये. घरातल्या मारहाणीची कबुली मिळाली असेल तर पत्नीशी स्वतंत्र बोलणं. आपल्या २०१७ च्या कायद्याचं कलम २३ रुग्णाची गोपनीयता जपतं, पण दुसऱ्या कुणाला हिंसेपासून वाचवायचं असेल तर लागेल तेवढी माहिती उघड करायला परवानगी देतं. महाराष्ट्रात समुपदेशन करणाऱ्या कितीतरी जणांना हा अपवाद माहीत नसतो आणि गोपनीयतेच्या धाकाने ते गप्प राहतात. महाविद्यालयांच्या समुपदेशन केंद्रांत हे कलम प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.